आधी स्पीकर, मग रिसीव्हर : वाचकांच्या शंका

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे घरात पहिल्यांदाच ध्वनियंत्रणा बसवू पाहणाऱ्या वाचकांची आहेत. त्यांतील चार पत्रे निवडून येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्रातली शंका जवळजवळ प्रत्येकाला पडते, म्हणून तिच्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. (रिसीव्हर म्हणजे स्पीकरना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच खोक्यात.)

प्रश्न : मी नुकताच निवृत्त झालो असून शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत आणि अधूनमधून टीव्हीवरचा एखादा चित्रपट एवढ्यासाठी घरी बरी ध्वनियंत्रणा घ्यावी, असे मनात आहे. बाहेरची खोली बारा बाय चौदा फुटांची आहे. मी पाहिलेल्या छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर ‘१०० वॅट, ८ ओहम, ८६ डेसिबल’ असे लिहिलेले आहे आणि परवडणारा रिसीव्हर प्रत्येक बाजूला ५० वॅटचा आहे. दुकानदार म्हणतो, १०० वॅटच्या स्पीकरला १०० वॅटचाच रिसीव्हर हवा, नाहीतर स्पीकर उपाशी राहतो. माझा मेहुणा नेमके उलट सांगतो : रिसीव्हर स्पीकरपेक्षा कमी वॅटचाच असावा, म्हणजे स्पीकर जळायची भीती नाही. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. मेहुण्यांचे तर मुळीच नको, पण त्याचे कारण थोडे पुढे सांगतो.

स्पीकरवर लिहिलेले १०० वॅट ही त्याची भूक नव्हे, ती त्याची सहनशक्ती आहे. लिफ्टमध्ये ‘८ व्यक्ती’ अशी पाटी असते, म्हणून एकटा माणूस आत शिरला तर लिफ्ट हलत नाही असे होत नाही. स्पीकरवरच्या आकड्याचा अर्थही तेवढाच आहे. तुमच्या खोलीत आवाज किती भरेल, हे ठरवणारा आकडा त्याच पाटीवर आहे, पण त्याच्याकडे दुकानदाराने आणि मेहुण्यांनी दोघांनीही पाहिलेले दिसत नाही. तो आकडा म्हणजे ८६ डेसिबल. याला स्पीकरची सेन्सिटिव्हिटी म्हणतात. एक वॅट वीज दिली असता एक मीटर अंतरावर स्पीकर किती मोठा आवाज देतो, ते या आकड्यावरून कळते.

आता तुमच्या खोलीचा हिशेब मांडू. तुम्ही स्पीकरपासून साधारण नऊ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास बसाल. तेवढ्या अंतरावर, भिंतींवरून परत येणारा आवाज जमेस धरूनही, सुमारे सहा डेसिबल कमी होतात. दुसऱ्या स्पीकरमुळे तीन वाढतात. म्हणजे दोन्ही स्पीकरना प्रत्येकी एकच वॅट दिला तरी तुमच्या खुर्चीत सुमारे ८३ डेसिबल आवाज पोहोचेल. घरातले साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते आणि संध्याकाळी निवांत गाणे ऐकताना बहुतेक माणसे ७० ते ७५ डेसिबलवर समाधानी असतात. याचाच अर्थ असा, की ऐकण्याच्या बहुतांश वेळात तुमचा रिसीव्हर एक वॅटचा पाचवा-सहावा हिस्साच खर्च करत असेल. मग उरलेले वॅट कशासाठी? तर तबल्याची थाप, सतारीचा मिजराब, नाटकातल्या गाण्यात एकाएकी उसळणारी तान यांच्यासाठी. असे क्षण सरासरीपेक्षा पंधरा ते वीस डेसिबलने वर जातात. वीस डेसिबल जमेस धरले तरी ९५ डेसिबलपर्यंत जाण्यासाठी सोळा वॅट पुरतात. तुमच्या ५० वॅटांत हे सगळे सामावून काही शिल्लकच राहते.

पन्नासाऐवजी शंभर वॅटचा रिसीव्हर घेतला, तर आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट केल्यावर फक्त तीन डेसिबल वाढतात, म्हणजे ‘थोडा मोठा झाला’ एवढेच जाणवते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि दहा डेसिबलला दहापट वॅट. स्पीकर निवडताना मात्र हेच गणित उलटे तुमच्या बाजूने फिरते. बीबीसीने आपल्या छोट्या नियंत्रण कक्षांसाठी १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस ३/५ ए हा इवलासा स्पीकर ८२.५ डेसिबलचा आहे, तर १९४६ पासून बनत आलेला क्लिपशहॉर्न हा कोपऱ्यात उभा करायचा कपाटाएवढा स्पीकर १०५ डेसिबलचा असल्याचे त्याचे निर्माते सांगतात. या दोहोंतून सारखाच आवाज काढायचा, तर पहिल्याला दुसऱ्याच्या सुमारे पावणेदोनशे पट वॅट द्यावे लागतील. ही दोन टोके झाली. बाजारातले बहुतेक घरगुती स्पीकर ८४ ते ९० च्या दरम्यान असतात. पण त्या सहा डेसिबलांतही वॅटचा फरक चौपट असतो, हे ध्यानात ठेवावे.

आता मेहुण्यांकडे वळू. कमी वॅटचा रिसीव्हर सुरक्षित, ही समजूत ऐकायला तर्कशुद्ध वाटते, पण स्पीकर जळण्याचे एक नेहमीचे कारण हीच समजूत आहे. रिसीव्हरला जेवढा व्होल्टेज देता येतो, त्यापेक्षा जास्त तुम्ही नॉब फिरवून मागितला, की ध्वनिलहरीचा माथा वरून कापला जातो. गोल शेंड्याच्या जागी सपाट गच्ची झाल्यासारखी लहर दिसते. या कापलेल्या लहरीत मूळ गाण्यात नसलेले उंच पट्टीचे स्वर फार मोठ्या प्रमाणात तयार होतात आणि ते सगळे ट्वीटरच्या, म्हणजे स्पीकरमधल्या उंच स्वर वाजवणाऱ्या छोट्या भागाच्या, वाट्याला जातात. ट्वीटरची तार केसासारखी बारीक असते आणि तिला सतत काही मोजकेच वॅट सोसतात. पाटीवरचे १०० वॅट हे नेहमीच्या गाण्यात बहुतांश ताकद खालच्या आणि मधल्या स्वरांत असते, असे गृहीत धरून लिहिलेले असतात. माझ्या स्वतःच्या घरी एका दिवाळीला पाहुण्यांच्या आग्रहास्तव वीस वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब तीन वाजण्याच्या काट्यापर्यंत फिरवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टाळ आणि झांजा गायब झाल्या, गायकाचा आवाज गोधडीआडून आल्यासारखा येऊ लागला, आणि ट्वीटर उघडून मीटर लावला तर तार तुटलेली. तेव्हा आवाज कर्कश, फाटल्यासारखा वाटू लागला की नॉब लगेच मागे घ्यावा, मग रिसीव्हर कितीही वॅटचा असो.

वॅटचा आकडा वाचताना तो कोणत्या अटींवर मोजला आहे, हेही पाहावे. खोक्यावर ‘पीएमपीओ’ असे शब्द असतील आणि पुढे हजारांचे आकडे असतील, तर तो आकडा पूर्णपणे विसरून जावा. माहितीपत्रकात ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती, दोन्ही बाजू चालू’ अशा तऱ्हेची ओळ असेल, तर ते ५० वॅट खरे (विकृती म्हणजे आवाजात पडणारी मोडतोड). तोच आकडा ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एकच बाजू चालू’ असा दिला असेल, तर त्यातले बरेचसे वॅट केवळ कागदावरचे आहेत. सात वाहिन्यांच्या, म्हणजे सात वेगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या, होम थिएटर रिसीव्हरवर ‘प्रत्येकी ८० वॅट’ लिहिलेले असते, ते सातही वाहिन्या एकदम चालवून मोजलेले क्वचितच असतात. तुम्हाला मुख्यतः गाणेच ऐकायचे आहे, तेव्हा माझे मत विचाराल तर सात वाहिन्यांच्या मागे लागू नये. तेवढ्याच पैशात दोन वाहिन्यांचा साधा स्टिरिओ रिसीव्हर बहुधा अधिक चांगला मिळतो. टीव्हीसाठी फक्त एक गोष्ट तपासावी : तुमच्या टीव्हीला मागे ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी यांपैकी जे भोक आहे, तेच रिसीव्हरला आहे का?

पैशांची वाटणी कशी करावी, याचा तुम्ही उल्लेख केलेला नाही, तरी सांगतो : तीन रुपयांतले दोन स्पीकरवर आणि एक रिसीव्हरवर. दोन बऱ्या रिसीव्हरमधला फरक ओळखायला सरावलेला कान लागतो, दोन स्पीकरमधला फरक मात्र स्वयंपाकघरातून हाक मारणाऱ्या माणसालाही कळतो. म्हणून आधी स्पीकर कानांनी निवडावेत आणि मग त्यांना झेपेल असा रिसीव्हर शोधावा. दुकानात जाताना आपल्या चांगल्या परिचयाचे एखादे ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर न्यावे. ख्यालाच्या सुरुवातीला तानपुरा एकटा वाजत असतो, तेवढे अर्धे मिनिट पुन्हा पुन्हा ऐकावे. काळी एक पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला बोलतात आणि खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. स्पीकर खाली ६० हर्ट्झपर्यंत नीट उतरत असेल, तर खर्जाचा घुमारा पोटात जाणवतो; ऐंशीलाच दमत असेल, तर खर्ज फक्त ‘टंग’ असा तारेचा आवाज देतो आणि त्यामागची गादी नाहीशी होते. पाच ते साडेसहा इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या भागाचे) अनेक बुकशेल्फ स्पीकर ही परीक्षा पार करतात, त्यामुळे तुम्हाला सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांसाठीचा वेगळा स्पीकर, आज घेण्याची गरज नाही. रिसीव्हरला सबवूफरचे वेगळे भोक असले, म्हणजे पुढेमागे सोय झाली.

बसवताना बारा फुटांच्या भिंतीशी दोन्ही स्पीकर एकमेकांपासून सात-आठ फुटांवर ठेवावेत, मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे ओढावेत आणि ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणावेत. शोकेसच्या कप्प्यात कोंबलेला स्पीकर कितीही महाग असला तरी डब्यात बोलल्यासारखा वाजतो. वायरीवर फार खर्च करू नये. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळणारी, अनेक बारीक तारांची, दोन पदरी तांब्याची ‘दीडची’ वायर, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, पाच मीटर लांब घेतली तर जाऊन-येऊन तिचा रोध (विजेला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात) ०.१२ ओहमच्या आसपास भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. वायरीच्या एका पदरावर रेघ असते. ती रेघ दोन्ही स्पीकरना लाल टोकालाच जाईल, याची खात्री करावी. एका स्पीकरची टोके उलटी जोडली गेली, तर काहीही जळत नाही, पण खर्ज ओसरतो आणि मधोमध बसलेला गायक खोलीभर विरून गेल्यासारखा वाटतो. पुष्कळांनी या कारणापायी चांगले स्पीकर परत केलेले मी पाहिले आहेत.

प्रश्न : आमच्या रिसीव्हरला ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्या लावायची सोय आहे. बैठकीच्या खोलीत ६ ओहमची एक जोडी आहे. मागच्या महिन्यात स्वयंपाकघरासाठी ६ ओहमचीच दुसरी जोडी घेऊन ‘बी’ला लावली. दोन्ही एकदम लावले की अर्ध्या तासाने आतून ‘टक’ असा आवाज येतो आणि सगळे बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते. रिसीव्हर बिघडला आहे का?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : रिसीव्हर बिघडलेला नाही, उलट त्याने स्वतःला वाचवले आहे. ‘टक’ हा आवाज आतल्या रिलेचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खटक्याचा आहे. उष्णता किंवा विद्युतप्रवाह मर्यादेबाहेर गेला, की रिले स्पीकरची जोडणी तोडतो.

आपल्या रिसीव्हरची पाठ एकदा विजेरी घेऊन वाचावी. बहुधा तिथे ‘ए किंवा बी : किमान ४ ओहम, ए आणि बी : प्रत्येकी किमान ८ ओहम’ अशा अर्थाची ओळ सापडेल. बहुतेक रिसीव्हरमध्ये दोन्ही जोड्या एकदम चालू केल्या की त्या समांतर जोडल्या जातात, आणि समांतर जोडणीत सहा व सहा मिळून बारा होत नाहीत, तीन होतात. रोध निम्मा झाला की तेवढ्याच व्होल्टेजला विद्युतप्रवाह दुप्पट वाहतो आणि तो सगळा भार आतल्या ट्रान्झिस्टरना गरम करतो.

त्यातही स्पीकरवर लिहिलेला ओहमचा आकडा हा ठोकळ असतो. स्वरागणिक तो वरखाली होतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे सहाचा स्पीकर काही स्वरांना ४.८ ओहमपर्यंत उतरू शकतो. तशा दोघांचे मिळून २.४ ओहम होतात. ज्यांनी अजून काही विकत घेतलेले नाही, त्यांनी यातून एवढे टिपून ठेवावे, की साध्या रिसीव्हरबरोबर ८ ओहमचे स्पीकर हीच निश्चिंत जोडी आहे, आणि ४ ओहमचा स्पीकर घ्यायचा तर रिसीव्हरच्या माहितीपत्रकात ४ ओहम स्पष्ट लिहिलेले हवे. शिवाय अशा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ‘२.८३ व्होल्टला ८९’ अशी दिली असेल, तर ती थोडी फुगलेली असते, कारण तेवढ्या व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर एक वॅट घेतो आणि ४ ओहमचा दोन. वॅटच्या हिशेबाने ते ८६ झाले.

आपल्यापुढे आता तीन मार्ग आहेत. एका वेळी एकच जोडी लावावी. किंवा दोन्ही जोड्या एकमेकींना एकापुढे एक जोडून देणारा स्पीकर सिलेक्टर घ्यावा, त्यात आवाजाचा दर्जा थोडा खालावतो पण स्वयंपाकघरात ते चालते. किंवा स्वयंपाकघरासाठी एखादा स्वतंत्र ब्लूटूथ स्पीकर ठेवावा. मी तिसरा निवडला असता. मागे ‘८ ओहम / ४ ओहम’ असा सरकवण्याचा खटका असेल तर तो ४ वर नेल्याने रिसीव्हर कमी तापेल, पण तो आतला व्होल्टेज उतरवून तापमान आटोक्यात ठेवतो, म्हणजे ताकदही तेवढीच कमी होते. आणि जाता जाता : रिसीव्हरवर क्रोशाचे कापड अंथरलेले असेल, तर ते आजच काढावे. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते.

प्रश्न : न्यू जर्सीत राहणारी माझी मुलगी परत येताना तिचा स्टिरिओ रिसीव्हर घेऊन येणार आहे. येथे ८ ओहमचे स्पीकर घेऊन तो वापरता येईल ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : स्पीकर जुळवण्यात अडचण नाही, ओहम अमेरिकेतही तेच आहेत. अडचण विजेची आहे. रिसीव्हरच्या मागे ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढेच लिहिले असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावायचा नाही, नुसता पिन बदलूनसुद्धा नाही; पहिल्याच क्षणी त्याचा वीजपुरवठा जळेल. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. मागे ‘३०० वॅट’ असा वापर लिहिला असेल, तर ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. हेअर ड्रायरसाठी विमानतळावर मिळणारे हलके ‘कन्व्हर्टर’ इथे चालत नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केल्यास ट्रान्सफॉर्मर मिळण्यास अडचण येऊ नये, मात्र तो जड असतो आणि मंद गुणगुणतो, म्हणून रिसीव्हरपासून दोन-तीन फूट दूर ठेवावा.

रेडिओ ऐकण्याची आवड असेल तर आणखी एक गोष्ट मुलीला फोनवर विचारून घ्यावी. अमेरिकेत एफएम केंद्रे ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि विषम दशांशांवर असतात, म्हणून तिथल्या पुष्कळशा रिसीव्हरचा ट्यूनर १०२.७ वरून थेट १०२.९ वर उडी मारतो. मुंबईची विविध भारती १०२.८ वर आहे. मध्यमलहरींवरही तेच : आपल्याकडे केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने, तिथे १० च्या, त्यामुळे अस्मिता वाहिनीचे ५५८ किलोहर्ट्झ गाठायला गेले तर काटा ५६० वर थांबतो. काही रिसीव्हरमध्ये ही पायरी बदलायची सोय असते. ती नसेल आणि रेडिओ हवा असेल, तर मुलीने तो तिथेच विकून यावे, असे मी म्हणेन.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाकडे २५० वॅटचा पीए (सभा-समारंभात वापरायचा) अ‍ॅम्प्लिफायर वर्षभर धूळ खात पडलेला असतो. त्याला घरगुती स्पीकर लावून मंडळाच्या वाचनालयात गाणी लावता येतील का? मागे ४, ८, १६ ओहम आणि ७० व्ही, १०० व्ही असे स्क्रू आहेत.
— एक कार्यकर्ता, सातारा

उत्तर : लावता येतील, पण स्क्रू चुकू देऊ नका. १०० व्ही हे टोक लांबवर पसरलेल्या भोंग्यांसाठी आहे, ज्यांच्या प्रत्येकात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तिथे ८ ओहमचा घरगुती स्पीकर थेट लावला, तर हिशेबाने तो १,२५० वॅट मागेल. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांपैकी कोण आधी मान टाकेल, एवढाच प्रश्न उरेल. एक स्पीकर असेल तर त्याची तार ‘कॉमन’ आणि ८ यांच्यामध्ये जोडावी. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडायचे असतील, तर ‘कॉमन’ आणि ४ यांच्यामध्ये.

अशा अ‍ॅम्प्लिफायरमधून साधारणपणे एकच वाहिनी बाहेर येते, म्हणून दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज येईल. डावे-उजवे मिळणार नाही. मोबाइलच्या दोन्ही वाहिन्यांचा आवाज मिळावा, म्हणून डावी-उजवी एकत्र करणारी केबल वापरावी आणि ती माइकच्या भोकात न घालता ‘ऑक्स’मध्ये घालावी, नाहीतर आवाज सुरुवातीपासूनच फाटलेला येईल. वाचनालयात २५० वॅटची गरज कधीच पडणार नाही, तेव्हा मुख्य नॉब जिथे पुरेसा वाटतो, तिथे खडूने खूण करून ठेवावी. उत्साही कार्यकर्त्यांच्या हातून घरगुती ट्वीटर वाचवण्याचा तेवढाच उपाय आहे.